क्रेनखालचा डबा

क्रेनच्या केबिनमधून खालची माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसतात. काड्यांना चेहरे नसतात, त्यामुळे वर बसलेल्याला कुणाची भीडभाड वाटत नाही, असं चिमणीचे बाबा म्हणायचे. अर्धं आयुष्य त्यांनी त्या उंचीवर काढलं होतं, तेव्हा त्यांना ठाऊक असणार. पण चेहरा दिसला नाही तरी माणूस काय करतोय ते दिसतंच. जेवणाच्या सुट्टीत साइटवरच्या सगळ्या काड्या सावली धरून बसायच्या, डबे उघडायच्या, एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. आणि एक काडी क्रेनच्या पायथ्याशी, काँक्रीटच्या ठोकळ्यावर, मांडीवर बंद डबा घेऊन एकटीच बसून राहायची. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की तो डबा तसाच पिशवीत जायचा.

ती काडी म्हणजे नाना.

नाना हुकाखालचे. क्रेनच्या हुकाला वजन अडकवायचं, आणि ते कुठे न्यायचं, किती उतरवायचं हे वॉकी-टॉकीवरून वरच्याला सांगायचं, हे त्यांचं काम. वरच्याला खालचं धड दिसत नसतं. खालच्याचा आवाज हेच त्याचे डोळे. चिमणीच्या बाबांचे डोळे नाना होते. मग एका सकाळी बाबा कामावर निघताना, बूट चढवता चढवता गेले. एक बूट पायात, एक हातात. इमारत अर्धी उभी होती. चिमणीही क्रेनच चालवायची, दुसऱ्या साइटवर. तिला ते काम बाबांनीच शिकवलं होतं. लहानपणी झाडावर चढली की उतरायला तयार नसायची म्हणून हे नावही त्यांनीच पाडलेलं. कंपनीने विचारलं तेव्हा ती येऊन बाबांच्या खुर्चीत बसली. खुर्चीमागे खिळ्याला त्यांचं निळं जॅकेट टांगलेलं होतं. कोपऱ्यात रुंद तोंडाची एक प्लॅस्टिकची बाटली तारेने बांधून ठेवलेली होती. तिने दोन्ही वस्तूंवरची धूळ पुसली आणि त्या जिथल्या तिथे राहू दिल्या.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत वॉकी-टॉकीवर कुणीतरी विचारलं, "मॅडम, खाली येत नाही का जेवायला?"

ती उत्तर शोधत होती तोवर नानांचा आवाज आला. "तिला नका रे विचारू काही. बाप गेलाय तिचा. घास उतरत नसेल."

बोलायचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. तिने ते दाबलं नाही.

झालं ते एवढंच. खोटं म्हणावं तर ती बोललीच नव्हती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिला मूठ झाकायला आयतं बाबांचं मरण मिळालं, आणि तिने ते वापरलं. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. उलट ती सकाळी शिडीकडे जाताना माणसं बाजूला होऊन वाट द्यायला लागली, शिव्या देणारे तिच्यासमोर शिव्या गिळायला लागले. मग नानांचा डबा उघडेनासा झाला. गेटवरचा वॉचमन त्यांना रागावताना तिने ऐकलं, कारण नानांचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. वॉचमन म्हणत होता, "साखरेचा आजार तुम्हाला, आणि उपाशी कसले राहता?" नाना म्हणाले, "मित्राची पोर वर कोरडी बसलीय आणि मी खाली हादडू? आतडं तुटतं रे. संध्याकाळी घरी जाऊन खातो की."

तेव्हाही तिने बटण दाबलं नाही.

खरं कारण तिच्याच आतड्यात होतं. बाबा असतानाच तिला ते कळलं होतं. वजन उतरायला लागलं, सांधे धरायला लागले, नाभीच्या उजवीकडे कळ यायची आणि मग धावपळ. इतके दिवस आम्लपित्त, आम्लपित्त म्हणून काढले, शेवटी नळी घालून तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतड्याची वेटोळी काढली. म्हणाल्या, "क्रोन्स म्हणतात याला. शरीराचे पहारेकरी असतात, बाहेरून आलेल्या जंतूंवर सोडायचे. तुमचे पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजून झोडपतायत. मग तिथे सूज येते, व्रण पडतात, वाट अरुंद होते. तोंडापासून शेवटापर्यंत कुठेही होऊ शकतं. आणि सलग नसतं. मध्ये चांगला तुकडा, मग खराब, मग पुन्हा चांगला."

"खणून ठेवलेल्या रस्त्यासारखं," चिमणी म्हणाली.

"अगदी तसंच."

"मी काय खाल्लं म्हणून झालं?"

"काही खाल्लं म्हणून नाही. मनाला लावून घेतलं म्हणूनही नाही. तुमची यात काही चूक नाही. कायमचा जात नाही हा आजार, पण औषधांनी वर्षानुवर्षं शांत राहतो. फक्त औषध चुकवायचं नाही. आणि उपाशी राहायचं नाही. उपाशी राहून आतडं शांत होत नाही, फक्त तुम्ही खंगता."

हे सगळं तिला समजलं होतं. डोक्याला समजलं होतं. पण चूक नाही म्हणून लाज वाटायची राहते असं थोडंच आहे? बाबा हृदयाच्या झटक्याने गेले हे कळल्यावर लोक हळहळले, पाठीवर हात ठेवून गेले. हृदयाच्या आजाराला एक मान असतो. पोटाचा आजार, त्यातही संडासला पळवणारा, म्हटला की लोक आधी हसू दाबतात, मग कुणाच्या तरी मावशीचा उपाय सांगतात, आणि मग जेवताना जरासं सरकून बसतात. शिवाय चिमणी क्रेनवाली. क्रेनवर संडास नसतो. एकदा खाली उतरून पुन्हा चढायचं म्हणजे अर्धी सुट्टी जाते आणि जीव मेटाकुटीला येतो, आणि हुकावर वजन असताना तर केबिन सोडायचीच नसते, आग लागली तरी. बाबा मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "वर गेलेला माणूस भोंग्याशिवाय खाली येत नाही." त्या माणसाला त्याच्याच मुलीने काय सांगायचं होतं? तिने आईला सांगितलं आणि वर बजावलं, बाबांना कळता कामा नये. आईने तोंड मिटून घेतलं.

जुन्या साइटवर दुसरा क्रेनवाला होता, त्याच्याशी पाळी बदलून ती इंजेक्शनला जाऊन यायची. आजार शांत होता. इथे ती एकटी. रजा मागायची तर कारण सांगावं लागणार. एक खेप चुकली, मग पुढची चुकली. आणि आतल्या पहारेकऱ्यांनी पुन्हा दंडुके उचलले. तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं होतं नेमका तोच उपाय धरला. सकाळपासून पोटात काही टाकायचंच नाही. घोटभर पाणी, ते पण ओठ ओले करण्यापुरतं.

त्या क्रेनवर बाबांच्या वेळेपासूनची एक रीत होती. क्रेनचा लांब हात दिवसभर ब्रेकवर असतो, आपण फिरवू तेव्हाच फिरतो. पण काम संपवून उतरताना तो ब्रेक मोकळा करायचा असतो, म्हणजे हात वाऱ्याबरोबर हवा तिकडे फिरेल. बघणाऱ्याला वाटतं, राक्षसाला कुणी दावं न लावता सोडून गेलं. खरं उलटं आहे. घट्ट धरून ठेवलेली क्रेन जोराच्या वाऱ्यात उन्मळून पडते, मोकळी सोडलेली टिकते. त्या जुन्या क्रेनचा हा ब्रेक वर केबिनमध्येच मोकळा करावा लागे, खालून सोय नव्हती. म्हणून वरून उतरणाऱ्याचे पाय जमिनीला लागले की नानांनी विचारायचं, "सोडली?" आणि त्याने म्हणायचं, "सोडली." त्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. बाबांशी भांडण होऊन बोलणं बंद असायचं, तेव्हाही नाना एवढा एक शब्द बोलायचे. चिमणी आल्यावर त्यात फक्त एक अक्षर वाढलं. "सोडलीस?"

तो दिवस सकाळपासून वाऱ्याचा होता. फार नाही, पण राहून राहून झोत यायचे आणि केबिन कण्हायची. चिमणीचं पोट पहाटेपासून आवळत होतं. एक शेवटची तयार भिंत चढवायची बाकी होती. ती चढली की वारा वाढायच्या आत काम थांबवू, असं इंजिनिअरसाहेब म्हणाले. खोलीच्या भिंतीएवढा काँक्रीटचा तुकडा, खिडकीची चौकट मोकळी ठेवलेला. नानांनी अडकवला, चिमणीने उचलला.

"हळू," नानांचा आवाज आला. "आण, आण… थोडी डावीकडे… बास. आता उतरव. हळू. हळू ग बाई, भिंत आहे, भाकरी नव्हे उलटायला."

भिंत जागेवर टेकली. पण टेकली म्हणजे झालं नसतं. खालची माणसं तिला तिरके टेकू लावतात, बोल्ट आवळतात, तोवर वजन क्रेननेच पेलून धरायचं असतं. एक बोल्ट बसेना. कुणीतरी दुसरा आणायला पळालं. कळ आली ती नाभीपासून पाठीपर्यंत सुरी फिरवल्यासारखी. चिमणीने दोन्ही हातांनी दांडे धरून ठेवले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला.

"नाना, किती वेळ?"

"आलाच बोल्ट. धर. हलू देऊ नको, माणसं आहेत खाली."

माणसं होती. चार काड्या भिंतीच्या पायाशी वाकलेल्या. तिने त्यांच्याकडे डोळे लावले आणि हात हलू दिले नाहीत. हातांवर तिचा ताबा होता. बाकीच्या शरीरावर नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या जे व्हायचं ते झालं, आणि झाल्यावरही हात तसेच धरून ठेवावे लागले. एका मोठ्या बाईने, भर दुपारी, बापाच्या खुर्चीत. वास वर आला तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत, कारण मिटता येत नव्हते.

"बसला बोल्ट!" नाना ओरडले. "सोड आता. शाब्बास. तुझ्या बापाने पण इतकी स्थिर धरली नसती."

हुक मोकळा झाला. तिने तो वर घेतला. मग खुर्चीमागच्या पिशवीतून फडकी काढून पुसायला सुरुवात केली, पण पाण्याची बाटली लहान. काही पुसलं गेलं, काही नुसतं पसरलं. खराब फडकी तिने एका पिशवीत कोंबून कोपऱ्यात टाकली, उरलेली धुतलेली परत जागेवर ठेवली. पुन्हा कळ येईल या धास्तीने ती उठली. कपड्यांवरचे डाग झाकायला काहीच नव्हतं. खिळ्याला निळं जॅकेट होतं.

तिने ते कमरेला गुंडाळलं, बाह्यांची गाठ मारली आणि शिडी उतरली.

खाली माणसं गोळा झाली होती, शेवटची भिंत झाली म्हणून खुशीत. तिला बघून सगळे गप्प झाले. पांढराफटक चेहरा, सुजलेले डोळे, कमरेला बापाचं जॅकेट. नानांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

"चिमणे, काय झालं ग?"

तिला फक्त तिथून निघायचं होतं, कुणी जवळ यायच्या आत. "बाबांची फार आठवण आली नाना," ती म्हणाली. "मी घरी जाऊ?"

गप्प बसणं वेगळं आणि हे वेगळं. हे ती तोंडाने बोलली होती.

नानांचे डोळे भरून आले. ते मागे वळून म्हणाले, "सरका रे. जाऊ द्या तिला." इंजिनिअरसाहेब काहीतरी पुटपुटले, तर नाना त्यांच्यावरच खेकसले, "साहेब, झालं ना तुमचं काम? मग माणसाला माणसासारखं राहू द्या जरा." वाट मोकळी झाली. ती मान खाली घालून त्या वाटेने गेली. नानांनी त्या दिवशी तिला आणखी काही विचारलं नाही.

घरी आईने दार उघडलं, एकदा बघितलं आणि पाणी तापत ठेवलं. आंघोळ करून चिमणी बाहेर आली तेव्हा आई मोरीत बसून जॅकेट चोळत होती.

"ते राहू दे ना. मी धुते."

"बस गुपचूप. यांचं जॅकेट मी आज पहिल्यांदा धुतेय का?" आई म्हणाली. मग चोळता चोळताच, "किती दिवस चालवणार आहेस हे?"

चिमणी भिंतीला टेकून जमिनीवर बसली. संध्याकाळ झाली होती. खिडकीचं दार धाडकन आपटलं, आईने उठून कडी लावली, तर शेजाऱ्यांचं आपटलं. बाहेर वाळत घातलेलं कुणाचं तरी पांघरूण तारेवरून सुटून फडफडत चाललं होतं. चिमणी ते बघत राहिली. आणि एकदम ती उठून उभी राहिली.

ब्रेक.

हुक वर घेतला होता. फडकी कोंबली होती. जॅकेट बांधलं होतं. ब्रेक मोकळा केला नव्हता. आणि नानांनी विचारलं नव्हतं.

तिने फोन लावला. पहिल्या झटक्यात नानांनी उचलला. ते अजून गेटवरच, वॉचमनच्या खोलीत होते.

"बरं वाटतंय का तुला?"

"नाना, क्रेन सोडली नाही मी."

पलीकडे वारा फोनमध्ये शिरून घोंघावत होता. "मी विचारलं नाही," नाना म्हणाले, तिला नाही, स्वतःलाच. "तुझा चेहरा बघितला, म्हटलं आज नको कामाचं बोलायला. विचारलंच नाही मी." मग त्यांचा आवाज बदलला. "असू दे. मी चढतो."

"नको! मी येते."

"तू येईपर्यंत? वारा बघितलास का? पलीकडे घरं आहेत चिमणे. दिवे लागलेत तिथे."

"नाना, तुम्ही वर जाऊ नका."

"का? म्हातारा झालो म्हणून?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. नानांचे गुडघे, नानांची साखर, सगळं ओठावर तयार होतं, आणि सगळं खरंही होतं. मोरीच्या दारात आई ओले हात घेऊन उभी होती. नुसती बघत होती.

"केबिनमध्ये घाण आहे," चिमणी म्हणाली.

"कबुतरं शिरली का पुन्हा?"

"माझी घाण आहे, नाना." एकदा तोंड उघडल्यावर ते बंद करता येईना. "मला आतड्याचा आजार आहे. जुना आहे. बाबांनाही सांगितला नव्हता. भिंत धरली होती तेव्हा उठता आलं नाही मला. बाबांची आठवण नव्हती ती. आणि मी उपाशी राहते ते दुःखाने नाही, खाल्लं तर खाली यावं लागेल म्हणून. सगळ्यांना वाटत होतं ते मी वाटू दिलं. तुम्ही डबा उघडत नव्हता ते मला वरून दिसत होतं. रोज दिसत होतं."

"म्हणजे मी इतके दिवस फुकटच उपाशी?" नाना म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

"चढतो," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

आईने पायात चपला सरकवल्या. दोघी जवळजवळ पळतच गेल्या; साइट फार लांब नव्हती. गेटमधून आत शिरल्या तेव्हा शिडीच्या मधल्या टप्प्यावर नानांच्या हेल्मेटचा दिवा हलताना दिसला. वर क्रेनचा हात घरांच्या दिशेने ताठ उभा होता आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताला सगळा सांगाडा करकरत होता. वॉचमनने वॉकी-टॉकी तिच्या हातात दिला.

"नाना, कुठे आहात?"

"आहे," धापा. "हात कापतायत जरा."

दिवसभर पोटात काही नसलेला, साखरेचा आजार असलेला म्हातारा शिडीवर लटकलेला होता, आणि त्याला उपाशी तिने ठेवलं होतं.

"नाना, आहात तिथेच थांबा. पट्ट्याचा हुक कठड्याला अडकवा. अडकवलात? आवाज नाही आला मला."

"अडकवला ग."

"आता बसा. पाठ टेकवा. खिशात ग्लुकोजची गोड गोळी आहे ना? ती तोंडात टाका. चावून खा, लवकर."

"तू कधीपासून हुकाखाली उभी राहायला लागलीस?"

"आजपासून. बोलू नका."

दिवा एका जागी स्थिर झाला. आईने चिमणीचा दंड धरला होता, तो सोडला नाही. थोड्या वेळाने दिवा पुन्हा हलला. एकेक टप्पा ती त्यांना सांगत राहिली, आता डावा हात, आता दम घ्या, वरची पायरी सैल आहे तिच्यावर भार देऊ नका. त्या पायऱ्या तिला पाठ होत्या. शेवटी दिवा केबिनमध्ये शिरला.

आणि आवाज बंद झाला.

नानांना आता काय दिसत असेल, कसला वास येत असेल, हे खाली फक्त तिला ठाऊक होतं. ती जमिनीकडे बघत उभी राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय, हे तिला त्या वेळी कळलं. वर एक खटका वाजला, सांगाड्यातून तो खालपर्यंत उतरत आला. मग क्रेनचा हात हलला. आधी जरासा, अवघडल्यासारखा, आणि मग संथपणे फिरत, घरांवरून, रस्त्यावरून, वाऱ्याला पाठ देऊन उभा राहिला. करकर थांबली.

"चिमणे."

"हं."

"फडकी कुठे ठेवतेस?"

वॉचमनच्या टेबलावर दुसरा वॉकी-टॉकी होता. तोही चालू होता. वॉचमन आपल्या टॉर्चचं झाकण उघडून आतले सेल तपासायला लागला.

"नाना, राहू द्या. मी सकाळी येऊन..."

"मी फडकी विचारली. भाषण नाही विचारलं."

"खुर्चीच्या मागे," ती म्हणाली. "डाव्या हाताला. धुतलेली आहेत. पाणी नाही वर."

"आणलंय मी." काही वेळ खुडबुड ऐकू आली. मग, "आणि ही बाटली अजून इथेच? तारेने बांधलेली?"

"ती बाबांची आहे. पाण्याची. मी पुसून ठेवली होती."

"पाण्याची!" वॉकी-टॉकी फाटेल असे नाना हसले, हसता हसता खोकले. "अगं एवढ्या रुंद तोंडाची बाटली माणूस पाणी प्यायला ठेवतो होय? भोंग्याशिवाय खाली न उतरणारा! तुला काय वाटलं, तो खांब होता? सगळेच ठेवतात बाटली. आम्ही बाप्ये म्हणून आमचं भागतं."

चिमणीने आईकडे बघितलं. आईने तोंडावर पदर धरला होता, पण खांदे हलत होते.

"तुला ठाऊक होतं?"

"दर रविवारी घरी आणायचे, घासायला," आई म्हणाली. "म्हणायचे, पोरीला नको हं सांगूस."

नाना उतरले तेव्हा गुडघे धरून उभे राहिले. त्यांच्या एका हातात गाठ मारलेली पिशवी होती; ती त्यांनी कचऱ्याच्या पिंपात टाकली, नळावर हात धुतले आणि तिच्यासमोर आले. हेल्मेटखाली घामाने केस चिकटलेले, गाल आत गेलेले. इतक्या जवळून तिने त्यांचा चेहरा कित्येक दिवसांत बघितला नव्हता. तिची नजर खाली वळत होती. तरी तिने विचारलं, कारण आज खाली ती उभी होती.

"सोडलीत?"

"सोडली."

ते काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसले आणि पिशवीतून डबा काढला. झाकण निघेना. तिने ते काढून दिलं. भात, उकडलेला बटाटा, कसलीशी पातळ भाजी.

"यातलं तुला काय चालतं?"

"भात चालतो. बटाटा चालतो. तिखट नाही. आज काहीच नको. उद्या दवाखान्यात जायचंय, इंजेक्शन चुकलंय माझं."

"मग मी खाऊ ना? की तिथेही काही सुतक आहे?"

"खा हो नाना."

त्यांनी खाल्लं. भुकेल्या माणसासारखं, भराभर, बोलता बोलता. "उद्याच्या रजेचं साहेबाला काय सांगू? पोट बिघडलंय म्हणू?"

वॉचमनने टॉर्चचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. उद्या सकाळपर्यंत त्याने ऐकलेलं सगळीकडे होणार होतं. शिडीकडे जाताना माणसं पुन्हा बाजूला होतील, पण वेगळ्या कारणासाठी, आणि कुणीतरी तोंड फिरवून हसेलही. तिचे कान आत्ताच तापले होते.

"तुम्ही काही सांगू नका," चिमणी म्हणाली. "मी सांगते. सकाळी येते, सांगते, आणि मग जाते."

नानांनी मान डोलावली. बटाट्याचा एक तुकडा त्यांनी झाकणात काढून बाजूला ठेवला, तिला दिला नाही, नुसता ठेवला.

"मीठ विसरलीय सून," ते म्हणाले.